चोरपावलांच्या घरातला करकरा दरवाजा

करर्र...! दचकलात? मग बरोबर ओळखलंत मला. मित्रांनो, बोईसरजवळच्या सरावलीच्या एका चाळीत, पाण्याच्या टाकीपासून सगळ्यात लांब, पार टोकाला जी खोली आहे, तिचा जुना दरवाजा तुमच्याशी बोलतोय. दरवाज्यानं उघडावं, लागावं आणि तोंड बंद ठेवावं, असं पुष्कळांचं मत असतं. माझं तसं नाही. मला आवाज मिळालाय आणि तो मी वापरणारच. मला गप्प करण्यासाठी या घरानं काय काय उपाय केले ते ऐकलंत तर तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण पुढचंही ऐका, कारण गोष्ट माझी असली तरी तिच्यात अपेक्षा नावाच्या एका हुशार मुलीची नोकरी अडकली होती.

माझा जन्म एडवणचा. समुद्रकाठच्या त्या गावात विश्राम नावाचे एक वाडीवाले होते. त्यांच्या वाडीतला फणस वादळात आडवा झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या फळ्या पाडून घेतल्या आणि गावच्या सुताराकडून मला घडवलं. फणसाचं लाकूड कसं असतं ठाऊक आहे ना? पिवळंधमक! नवा होतो तेव्हा येणारा-जाणारा माझ्यावर हात फिरवल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे. बिजागऱ्या मात्र विश्रामकाकांनी जुन्याच बसवल्या. खारं वारं लागून त्या पहिल्याच वर्षी करकरायला लागल्या. सुतार म्हणाला, तेल घाला. विश्रामकाका म्हणाले, "नको, नको. आमच्याकडं कुत्रा नाय. ह्यो दरवाजाच आमचा कुत्रा हाय. कोन आला, कोन गेला, सगला समजतं."

आणि मी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. एकदा भरदुपारी सगळे जेवून आडवे झाले असताना एक भुरटा विड्याच्या पानांची करंडी उचलायला आला. त्यानं मला बोटभर ढकललं मात्र, मी असा बोंबललो की अख्खी आळी बाहेर आली. त्या दिवशी मला हळदकुंकू लागलं. काय सांगू, लाकडाची छाती असली तरी फुगली हो माझी!

पण दिवस कुणाचे सारखे राहतात? विश्रामकाकांच्या मुलांनी घर नवं केलं. लोखंडी जाळीचं दार आलं, त्याला चकचकीत कुलूप आलं. मला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालायच्या, खालच्या कडेला वाळवी लागली. कुणी म्हणायचं, चुलीत घाला. मी मनाशी म्हणायचो, घालूनच दाखवा, जळतानासुद्धा ओरडेन. अखेर सरावलीला एक मालक कामगारांसाठी खोल्या बांधत होता, त्याला स्वस्तात जुनी दारं हवी होती. त्यानं मला टेम्पोत टाकलं, माझा कुजका भाग कापून तिथं पत्रा ठोकला आणि वरून निळा रंग फासला. फणसाचं पिवळं अंग निळ्या रंगाखाली गेलं. बिजागऱ्या तेवढ्या माझ्याच राहिल्या.

त्या खोलीत नागोराव राहायला आले. नांदेडकडचे, उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. एमआयडीसीतल्या एका कापडाच्या कंपनीत लूमवर कामाला. लूम म्हणजे कापड विणायचं यंत्र. एका छपराखाली अशी कितीतरी यंत्रं रात्रभर धडधडतात. तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ हलवून आणि हातवारे करून बोलावं लागतं. रात्रपाळी कुणालाच नको असते, म्हणून ती नागोरावांच्या गळ्यात पडली आणि पडली ती पडलीच. ते सकाळी घरी यायचे, आंघोळ करायचे, भाकरी खायचे आणि माझ्याकडे तोंड करून जमिनीवर अंथरूण टाकायचे.

मित्रांनो, बोईसर-तारापूरकडं अशी शेकड्यांनी घरं आहेत. बाप दिवसा झोपतो आणि बाकीचं घर चवड्यांवर चालतं. पण सोजराबाईंनी, म्हणजे नागोरावांच्या बायकोनं, या कामात जी हद्द गाठली तिला तोड नाही. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. भांडी घासताना खाली गोणपाट अंथरलेलं असायचं. हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या वर सारून त्यांना दोरा बांधलेला. भाजीवाला यायचा तो चाळीच्या तोंडाशीच थांबायचा आणि हळूच म्हणायचा, "भाभी, भैया सो गए क्या?" मग सोजराबाई बोटांनी खुणा करून मेथी आणि कांदे सांगायच्या. सगळी चाळ या खेळात सामील झाली होती. पोरं आमच्या खोलीच्या बाजूला येताना चपला हातात घ्यायची.

या घरात शत्रू फक्त एकच होता. मी! सोजराबाईंनी माझ्या बिजागऱ्यांना खोबरेल लावलं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा करर्र. मग शिवणयंत्राचं तेल आलं. मग मेणबत्ती घासली. माझ्या कडीला नागोरावांचा जुना मोजा बांधला. मोजा हो! ज्या दरवाज्याला एडवणला हळदकुंकू लागलं, त्याच्या तोंडात मोजा! संताप संताप व्हायचा माझा.

अपेक्षा याच घरात लहानाची मोठी झाली. रांगायला लागली तेव्हापासून तिला एकच मंत्र माहीत, "श्शू! बाबा झोपलेत." ती न हसता हसायला शिकली. रडायची तेव्हा नुसते खांदे हलायचे. पाढे पाठ करायची तेही ओठांतल्या ओठांत. गुणाची पोरगी, सगळे म्हणायचे, किती शांत! मला मात्र ते ऐकून रागच यायचा. अहो, शांत असणं निराळं आणि आवाजच न फुटणं निराळं.

ती शिकली मात्र जिद्दीनं. पालघरला कॉलेजात जाऊन इंग्रजी घेऊन बी. ए. झाली, पुढं बी. एड. केलं. आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, मुलांना इंग्रजी शिकवायचं. पालघरच्या एका खाजगी शाळेला इंग्रजीच्या बाई हव्या होत्या. अपेक्षानं अर्ज केला, बोलावणं आलं, तिनं वर्गात पाठ घेऊन दाखवला. संध्याकाळी घरी आली ती चपला न काढताच मला टेकून खाली बसली.

"काय झालं गं?" सोजराबाईंनी विचारलं.

"मुख्याध्यापिका आहेत ना, मंगला मॅडम, त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, शिकवतेस छान, पण ऐकलं कुणी? पहिल्या बाकानं. माझ्यापर्यंत एक शब्द आला नाही."

सोजराबाईंचा चेहरा पडला. पोरीचा आवाज कुणी दाबला, ते त्यांना कळलं असावं. नागोरावांनी कंपनीत एका ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता. शाळेचं नाही जमलं, तर जूनपासून अपेक्षानं पॅकिंग खात्यात जायचं ठरलं होतं. तिथं तोंड उघडावं लागत नाही. काम वाईट नाही हो, चाळीतल्या कितीतरी बायका तेच करतात आणि मानानं करतात. पण अपेक्षाला शिकवायचं होतं. ती भिंतीकडे बघून पुटपुटली, "मी परत जाणार. मला आणखी एकदा संधी द्या म्हणणार."

आणि खरंच गेली. मंगला मॅडमही सरळ बाई होत्या. म्हणाल्या, "आता सुट्टी लागली, शाळेत मुलं नाहीत. तुमच्या चाळीत मुलं असतीलच की! सुट्टी संपता संपता एका शनिवारी मला बोईसरला यायचंच आहे. तेव्हा तुझ्याकडे येते. मुलं गॅलरीत बसव आणि पाठ घे. मी लांब उभी राहीन. तिथं ऐकू आलं तर तू आमची." पाठाचा विषयही त्यांनीच दिला. लपूनछपून जाणं, चोरपावलांनी चालणं, दडून राहणं, यांच्यासाठी इंग्रजीत जी क्रियापदं आहेत ती सगळी.

मला हसावं की रडावं कळेना. पाण्यात वाढलेल्या माशाला पोहण्याचा धडा! या घराइतकं चोरपावलांचं शास्त्र दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? अपेक्षा तयारीला लागली आणि मी रोज बघत राहिलो. नागोराव अंथरुणावर, ती माझ्या आतल्या बाजूला उभी. आधी टाचा उचलून चालायची आणि नुसत्या श्वासानं म्हणायची, "टिपटो. आई बाबांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला जाते, तेव्हा टिपटो करते." मग अगदी वाकून, जमिनीलगत, सावकाश पुढं सरकायची. "क्रीप. पाल माशीकडे अशी जाते." कुणाला पत्ता लागू न देता सटकायचं म्हणजे स्नीक. चूक झाल्यावर मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेनं काढता पाय घ्यायचा म्हणजे स्लिंक. मनात काही काळंबेरं ठेवून दबा धरून बसायचं म्हणजे लर्क. शिकारीच्या शोधात घिरट्या घालायच्या म्हणजे प्राउल. खाटकाच्या गाळ्याभोवती बोका फिरतो ना, तसं.

किती नेमकं सांगायची पोरगी! आणि किती हळू! मी तिच्यापासून हातभर लांब, तरी मला कान टवकारावे लागत.

आता एक गोष्ट सांगतो. ती त्या घरात मला एकट्यालाच ठाऊक होती. नागोराव झोपलेले नसायचे.

होय मित्रांनो, जागे! डोळे मिटलेले, श्वास सावकाश, पण जागे. सोजराबाई नळावर गेल्या की ते डोळे उघडायचे आणि माझ्या पत्र्याकडे बघत राहायचे. पाऊल वाजलं की पुन्हा मिटायचे. अपेक्षा शब्द पाठ करत असली की चादरीखाली त्यांचे ओठ हलायचे. एकदा मी स्पष्ट पाहिलं, ते "स्लिंक" म्हणत होते. माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणात, झोपेच्या सोंगाआड लपून बसला होता.

आधी मला वाटलं, माझ्याच करकरण्यामुळं त्यांची झोप मोडते. तेल-मेण सगळं मी गपगुमान सोसलं ते त्या काळात. पण एक दिवस चाळीमागं बोअर मारायला गाडी आली. धाड धाड धाड! माझा पत्रा थरथरत होता, फळीवरची भांडी नाचत होती. सोजराबाई डोक्याला हात लावून बसल्या, "अरे देवा, आता ह्यांची झोप!" आणि नागोराव? ढाराढूर! तोंड उघडं, हातपाय पसरलेले, घोरण्याचा आवाज बोअरच्या आवाजाच्या वरताण. संध्याकाळी उठले तेव्हा डोळ्यांची लाली पार गेली होती. सोजराबाई म्हणाल्या, "थकले होते बिचारे." आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गोणपाट, पुन्हा दोरा, पुन्हा श्शू.

तेव्हा माझ्या लाकडी डोक्यात उजेड पडला. वर्षानुवर्षं ज्याच्या कानांत रात्रभर लूम धडधडतात, त्याला ही शांतता कशी सोसणार? यंत्र बंद पडलं की कामगार दचकतो, काय बिघडलं म्हणून बघतो. तसं होत होतं त्यांचं. शांततेत सोजराबाईंचं ते "श्शू" सुद्धा त्यांना सुईसारखं टोचत होतं. ज्या गोष्टीसाठी या पोरीचा आवाज घोटला, ती गोष्ट नागोरावांना नकोच होती!

मग ते बोलत का नव्हते? ते मला तेव्हा कळत नव्हतं. पण मी ठरवलं, माझ्यापुरतं मी बोलणार. झिजलो तरी चालेल, निखळलो तरी चालेल. मे महिन्याचं ऊन माझ्या मदतीला होतं. लाकूड वाळलं होतं, बिजागरी घासत होती. वाऱ्याची झुळूक आली की मी करर्र करायचो आणि बघायचो, नागोरावांच्या पापण्या जड व्हायच्या. तेवढ्यात सोजराबाई तेलाची बाटली घेऊन धावायच्या. त्या घालायच्या, मी सुकवायचो. त्या पुन्हा घालायच्या, मी पुन्हा करकरायचो. आमची जणू कुस्तीच लागली होती. त्या माउलीला काय ठाऊक, मी कुणाच्या बाजूनं लढतोय ते!

आणि तो शनिवार उजाडला. नागोराव कामावरून आले. सोजराबाईंनी त्यांना दारातच अडवलं. "अहो, आज अपेक्षाच्या मॅडम येणारेत. पोरं गोळा होणार. तुम्ही तिकडं मधल्या खोलीत, शेजाऱ्यांकडं झोपता का? त्यांना मी विचारून ठेवलंय."

"कशाला? मी हितंच झोपतो," नागोराव म्हणाले आणि भाकरी खाऊन नेहमीच्या जागी आडवे झाले.

मग सोजराबाईंनी माझा बंदोबस्त केला. दोन्ही बिजागऱ्यांत तेल ओतलं, कडीला मोजा, आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून फटीत चिंध्या कोंबून मला बाहेरून ओढून घेतलं. मंगला मॅडम आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, घाम पुसत त्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मध्ये चाळीतली पोरं मांडी घालून बसली. माझ्यापुढं, मला पाठ लावून, अपेक्षा. माझ्या एका बाजूला शिकवणारी मुलगी आणि दुसऱ्या बाजूला झोपलेला बाप. मध्ये फळी काय ती माझी.

"गुड मॉर्निंग," अपेक्षा म्हणाली. पुढच्या दोन-चार पोरांनी उत्तर दिलं. मागची एकमेकांकडे बघायला लागली.

तिनं टाचा उचलून दाखवल्या. टिपटो. वाकून दाखवलं. क्रीप. हावभाव असे झकास की पोरं खूश. पण आवाज? मॅडमनी लांबून हात कानाशी नेला. अपेक्षानं ते पाहिलं, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तिची नजर मागं माझ्याकडं वळली. तिनं तोंड मिटलं. सोजराबाई बाजूला पदराचं टोक चावत उभ्या होत्या. त्यांचं बोट सवयीनं ओठांवर गेलं होतं आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

"स्नीक," अपेक्षा कुजबुजली. मॅडमनी मान हलवली. नाही ऐकू आलं. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. अहो, माणसं निघायच्या आधी असं करतात, मी दरवाजा आहे, मला कळतं!

मग मात्र मी जीव एकवटला. पश्चिमेकडून वारा येत होता. मी त्याला म्हटलं, बाबा रे, लाग माझ्या अंगाला. वारा आला. चिंध्या तटतटल्या. तेलातून, मेणातून, सगळ्या वर्षांच्या दाबलेल्या रागातून मी एकच आरोळी ठोकली, कर्रर्रर्र...!

अपेक्षा दचकून मागं वळली आणि मला म्हणाली, "श्शू!"

टाकीजवळून मॅडमचा खणखणीत आवाज आला, "अपेक्षा, तुमचं दार तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलतं गं. ते मला इथं ऐकू आलं."

पोरं फिदीफिदी हसली. अपेक्षाचे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी माझी कडी आतून खडखडली, चिंध्या पडल्या, मी सताड उघडलो. दारात नागोराव उभे होते. बनियनवर, डोळे लालभडक.

"झाली का झोपमोड!" सोजराबाई कळवळल्या. "अपेक्षा, किती सांगितलं होतं..."

"थांब गं," नागोराव म्हणाले. "अपेक्षा, स्नीकपतूर ऐकू आलं मला. म्होरं काय शिकवायलीस तेच कळंना. आज स्लिंक नाही का सांगणार? मला तर तेच लई आवडतंय."

अपेक्षा बघतच राहिली. "बाबा, तुम्ही... तुम्ही ऐकत होता?"

"रोज ऐकतोय. काय करू, झोपच येईना." त्यांनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा होता. "मला शांततेत झोप नाही येत. कान लूमला सवकलेत. गप्प झालं की वाटतंय, काहीतरी बंद पडलं. पहिल्याच साली सांगणार होतो. पण तुझ्या आईनं बांगड्यांना दोरा बांधलेला बघितला अन् जीभच उचलंना. इतकं जपायलीय बाई, तिला कोणत्या तोंडानं म्हणू, की हे मला नको? म्हणून डोळे मिटून पडायचो."

सोजराबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, अन् मी पोरीच्या तोंडावर हात ठेवीत राहिले! तुमच्यासाठी!"

"माझी चुकी," नागोराव म्हणाले. "तू माझ्यापायी गप बसलीस पोरी, अन् मी तुझ्या आईपायी. आता बस झालं. मोठ्यानं शिकीव. इतकं मोठ्यानं शिकीव की मला झोप लागली पाहिजे." एवढं बोलून ते आत गेले आणि अंथरुणावर पडले. मला त्यांनी लावलं नाही.

मॅडमनी पिशवी खाली ठेवली.

अपेक्षानं डोळे पुसले. पोरांकडे वळली. पहिला शब्द फाटकाच निघाला, "स्लिं..." घसा खाकरून ती पुन्हा म्हणाली, "स्लिंक!" आणि मित्रांनो, तो आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. जाडसर, थोडा खरखरीत, वापरात नसलेली मोठी कढई माळ्यावरून काढल्यावर वाजते तसा. माझ्या पत्र्यावर तो आदळला आणि पत्रा झणझणला.

"रूपल, तुझ्या हातून बादली सांडली, आई बघतेय, तू कशी जाशील?" रूपल मान खाली घालून भिंतीला घासत गेली. "शी इज स्लिंकिंग! सगळे म्हणा!" पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. "मेहुल, तू टाकीमागं दबा धरून बस. ही इज...?" "लर्किंग!" "बोका कसा फिरतो?" "प्राउलिंग!" एकेक शब्द ती उचलत होती आणि गॅलरीच्या पार त्या टोकाला नेऊन आदळत होती. चोरून जाण्याचे, दडून बसण्याचे सगळे शब्द ती घसा फोडून ओरडत होती. शेजारपाजारचे दारं उघडून बाहेर आले. भाजीवाला गाडी सोडून जिन्यात उभा राहिला.

आणि मग, पोरं श्वास घ्यायला थांबली तेव्हा, माझ्या आतून एक आवाज आला. घर्रर्र... फुस्स... घर्रर्र... फुस्स...

मॅडमनी लांबूनच विचारलं, "हे काय वाजतंय?"

"अपेक्षाताईचे बाबा घोरतायत!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

मंगला मॅडम चालत चालत आमच्यापर्यंत आल्या. माझ्या चौकटीला हात टेकवून त्यांनी आत डोकावलं. नागोराव पाठीवर पसरले होते आणि गाढ, अगदी गाढ झोपले होते. मॅडम वळून म्हणाल्या, "मला टाकीपाशी शेवटचा शब्दसुद्धा ऐकू आला. शाळा उघडली की पहिल्या दिवशी ये. पाचवीचा वर्ग तुझा."

अपेक्षा आत धावली. बापाशेजारी गुडघ्यांवर बसली. सोजराबाईंचं बोट पुन्हा ओठांवर गेलं, अर्ध्यावर थांबलं, आणि त्यांनीच ते खाली घेतलं. म्हणाल्या, "सांग त्यांना. मोठ्यानं सांग."

"बाबा!" अपेक्षा ओरडली. "मला नोकरी लागली!"

नागोराव कूस बदलून घोरतच राहिले. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, आणि चांगल्या खदाखदा हसल्या.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. पत्रा गंजलाय, मालक नवीन दार बसवायचं म्हणतो. बसवू दे. पण जाण्याआधी तुम्हाला एक सांगून जाणार. आपल्या माणसाला जपा, जरूर जपा. पण ज्याच्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं चवड्यांवर चालता, त्याच्यापाशी एकदा बसा आणि विचारा, बाबा रे, तुला हे खरंच हवंय का? आणि तुम्हाला कुणी असं जपत असेल, आणि ते तुम्हाला नको असेल, तर डोळे मिटून पडू नका, त्याला सांगा. वाईट वाटेल म्हणून थांबू नका. तुम्ही दोघं एकमेकांच्या मायेपोटी गप्प बसता, तेव्हा तुमच्या घरातलं कुणीतरी लहान बोलायचं विसरत असतं.